मदत हवी आहे : ख्रिस्तपुराणातल्या ओव्या हँडआउटवर कशा द्याव्यात?

रेनेसान्स सोसायटी ऑफ अमेरिका या युरोपीय प्रबोधनकाळाच्या अभ्यासकांच्या संस्थेच्या वार्षिक परिषदेसाठी ख्रिस्तपुराणावर (फादर स्टीफन्स यांचं सतराव्या शतकातलं ओवीबद्ध मराठी काव्य) २० मिनिटांचा निबंध तयार करतोय. (लीड्सच्या मध्ययुगीन परिषदेची चौकट साधारण १५०० पर्यंतची, म्हणून तिचा विचार सोडला.) श्रोत्यांना मराठी येत नाही. हँडआउट ए-४ चं एकच पान, पाठपोट, ओव्या सहा.

अडचण पाठाची आहे. १६१६, १६४९ आणि १६५४ या आवृत्त्यांची एकही छापील प्रत हाती नाही. १९०७ ची मंगळुरी आवृत्ती रोमन लिपीत, तर लंडनची मार्सडेन प्रत (विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातलं हस्तलिखित) देवनागरीत. आणि दोन्हींत शब्द जागोजाग वेगळे.

आयएसओ १५९१९ ने (भारतीय लिप्या रोमनमध्ये लिहिण्याची आंतरराष्ट्रीय प्रमाण पद्धत) लिप्यंतर करून पाहिलं. पण रोमन आवृत्तीच्या पोर्तुगीज वळणाच्या लेखनात 'ट'साठी दुहेरी टी आणि 'ज'साठी झेड येतो, तो सगळा पुसला जातो. शिवाय मुळात ऱ्हस्व-दीर्घ दाखवलेले नाहीत, म्हणजे 'अ' की 'आ' हे आपणच ठरवायचं. तिन्ही रूपं (रोमन, देवनागरी, आयएसओ) आणि भाषांतर दिलं तर पान गच्च भरतं, कुणी वाचत नाही. फाँटचा प्रश्न नाही, पीडीएफमध्ये एम्बेड केलाय.

अशा परिषदांत द्विलिपी पाठ मांडलेल्यांनी सांगावं : मूळ रोमन आणि भाषांतर एवढंच देऊन मार्सडेनचे पाठभेद फक्त तळटीपेत टाकले, तर चालतं का?