परवाना हातात आला. आता नवं रिव्हॉल्व्हर घ्यावं की काकांचं जुनं?

जांभळीनाका_वर्कशॉप:

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

ठाण्यात जांभळी नाक्याच्या मागे आमचं दागिने घडवायचं छोटं वर्कशॉप आहे, वडिलांपासूनचं. चार कारागीर आणि मी. तयार माल संध्याकाळी डोंबिवली-कल्याणच्या पेढ्यांवर पोचवायला मीच जातो. तीन वर्षांपूर्वी कोपरी पुलाच्या अलीकडे दोघांनी बाइक आडवी घातली आणि बॅग ओढली. बॅग वाचली. डावा खांदा मात्र निखळला, अजून हात वर नेला की कळ येते. त्यानंतर परवान्यासाठी अर्ज केला. पोलीस चौकशी, डॉक्टरचं सर्टिफिकेट, हत्यार हाताळायचं ट्रेनिंग, सगळं रीतसर झालं आणि गेल्या महिन्यात परवाना मिळाला. एनपीबी, म्हणजे नॉन-प्रोहिबिटेड बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप, आणि हे प्रतिबंधित नसलेलं), एक रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल.

आता प्रश्न. कानपूरच्या फॅक्टरीचं नवं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर घ्यायला गेलं तर लाखाच्या वर जातं. दुसरीकडे चरईत वडिलांचे मित्र आहेत, वय ७८. त्यांच्याकडे जुनं वेब्ली, म्हणजे ब्रिटिश बनावटीचं रिव्हॉल्व्हर आहे. मुलं परदेशात, त्यांना ते नको आहे. काका म्हणतात, "तू घे, घरातच राहील." दीड लाख सांगितलेत. बाहेर असल्या विलायती हत्याराला याहून जास्त मागतात असं ऐकलं.

खरं सांगायचं तर माझा जीव त्या वेब्लीत आहे. दर खंडेनवमीला काका ते पाटावर मांडायचे, झेंडूची फुलं, हळदकुंकू. आम्ही पोरं लांब उभी राहून बघायचो, हात लावायची परवानगी नव्हती. पण हे जिवावरचं काम आहे, आठवणींवर निर्णय घ्यायला मन धजत नाही. बायकोचं म्हणणं, मुलगा नववीत आहे, जे काही आणशील ते आधी तिजोरीत जाईल. ते कबूल केलंय.

जाणकारांनी मोकळेपणाने सांगावं.

कळव्याचा_आर्मरर:

तुमचा मेसेज दोनदा वाचला. मी एकतीस वर्षं हत्यारं दुरुस्त करायची नोकरी केली, आता निवृत्त आहे.

पहिली गोष्ट किमतीची. आपल्याकडे १९८० च्या दशकात सामान्य नागरिकांसाठी हत्यारांची आयात बंद झाली. त्याआधी जी विलायती हत्यारं देशात आली तेवढीच आजही हातोहात फिरताहेत. म्हणून त्यांना एवढा भाव. तो भाव दुर्मिळतेचा आहे, त्या हत्याराच्या भरवशाचा नाही. हा फरक लोक विसरतात आणि सत्तर-ऐंशी वर्षं जुन्या स्प्रिंगवर जीव टांगून फिरतात.

जुनं बघायचंच असेल तर असं बघा. आधी रिकामं आहे याची खात्री, दुसऱ्यांदा खात्री, मगच पुढचं. वेब्ली मधोमध मोडून उघडतं. नळी एका हातात आणि मूठ दुसऱ्या हातात धरून हलकेच हलवा. बिजागरीत किंवा वरच्या खिटीत खेळ जाणवला तर तिथेच थांबा. मग सिलिंडर. रिकाम्या हत्याराचा चाप दाबून धरलेला असताना सिलिंडर जागच्या जागी घट्ट बसायला हवा, आणि हे काडतुसांच्या सहाही घरांवर बघायचं, एकावर नाही. एक घर जरी नळीच्या रेषेत नीट आलं नाही तर गोळी कडेला घासून जाते आणि शिसं उडून धरणाऱ्याच्या हाताला लागतं. नळी बघताना मागच्या बाजूला पांढरा कागद धरायचा, उजेड परावर्तित होऊन आतल्या रेघा दिसतात. मधेच काळसर कडं दिसलं तर कधीतरी गोळी आत अडकलेली असताना मागून दुसरी मारली गेलीय, नळी तिथे फुगलेली आहे. असं हत्यार फुकटही घेऊ नका. आणि निकेलचा चकचकीत मुलामा दिसला तर जास्त संशय घ्या, त्याखाली गंजाचे खड्डे लपतात.

नवं घेतलं तरी पहिल्या दिवशी हेच सगळं तपासायचं. पण तिथे बिल आहे, कुठे परत न्यायचं ते ठाऊक आहे, सुटे भाग मिळायची शक्यता आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमचं "वेब्ली" म्हणजे नेमकं कोणतं? .३२ म्हणून लोक तीन वेगळी काडतुसं सांगतात. पिस्तुलाचं .३२ वेगळं, आखूड. रिव्हॉल्व्हरचं .३२ लाँग १८९६ चं. आणि त्याहून जुनं, १८७८ चं आखूड .३२, ज्याची काही हत्यारं बंदुकीच्या काळ्या दारूच्या जमान्यातली आहेत, त्यात आजचं काडतूस घालणं धोक्याचं. आणि वेब्लीची .३८ सुद्धा पुष्कळ आहेत. नळीवर आणि फ्रेमवर काय कोरलंय ते अक्षर न् अक्षर वाचून इथे लिहा. काकांच्या सांगण्यावर जाऊ नका, त्यांचा हेतू चांगला असेल तरी. तपासणी काकांसमोरच करा, परवाना त्यांचा आहे.

बेलापूर_वकील:

कायद्याचं थोडक्यात सांगते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे खासगी वापरातलं हत्यार दुसऱ्या परवानाधारकाला विकता येतं, पण विकणाऱ्याने आधी लेखी कळवायचं आणि ४५ दिवस जाऊ द्यायचे. तोवर हत्यार काकांच्या घरातून हलवायचं नाही, "दाखवायला आणलं" असंही नाही. पैसे बँकेतून, पावती, दोघांच्या परवान्याच्या प्रती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन हत्यारं आणि परवान्याची मुदत पाच वर्षं. बाहेर नेताना ते होल्स्टरमध्ये किंवा झाकलेलं असावं, कुणाला दाखवायचं नाही.

निवडणुकीत हत्यार जमा करायची नोटीस येऊ शकते. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटलंय की सरसकट सगळ्यांकडून जमा करून घेऊ नये, स्क्रीनिंग कमिटीने प्रत्येकाचं प्रकरण बघावं. तुमच्या धंद्याचं कारण असेल तर लेखी अर्ज वेळेत द्या.

आणि दादा, भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ एकदा बसून वाचा. स्वसंरक्षणाचा हक्क तिथे आहे आणि त्याची मर्यादाही तिथेच आहे. बॅग घेऊन पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी झाडली तर हत्यार नवं होतं की जुनं, हे कोर्ट विचारणार नाही.

कामोठ्याहून_ताई:

भाऊ, मला हत्यारातलं काही कळत नाही, पण एक लिहावंसं वाटलं. आमच्या ह्यांच्याकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं, शेती पनवेलच्या आतल्या बाजूला, म्हणून. ते २०२१ मध्ये अचानक गेले. दिवसकार्य होईपर्यंत कुणाला त्याची आठवण नव्हती. तेराव्यानंतर कपाट उघडलं तर ते समोर, काडतुसांच्या डब्यासकट. परवाना त्यांच्या नावावर, आता घरात कुणाच्याच नाही. रात्रभर मला झोप लागली नाही. किल्ली गळ्यात घालून बसले होते.

दीर सोबत आले, पोलीस ठाण्यात जाऊन जमा केलं. तिथल्या हवालदारांनी नीट समजावलं, की मालक गेल्यावर वारसांनी ते जमा करायचं असतं आणि पुढे नावावर घ्यायचं की विकायचं ते नंतर ठरवता येतं. पण कागद शोधताना फार हाल झाले. किती काडतुसं घेतली, किती संपली, पावत्या कुठे, मला काहीच माहीत नव्हतं.

तेव्हा नवं घ्या की जुनं घ्या, वहिनींना सगळं दाखवून ठेवा. फाइल कुठे, परवान्याची मुदत कधी संपते, आणि तुमच्यामागे कुठे न्यायचं. एका कागदावर लिहून तिजोरीच्या आत चिकटवा.

जांभळीनाका_वर्कशॉप:

ताई, तुमचं लिहिणं बायकोला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने स्वतःच वही काढली.

आर्मररकाका, काल चरईला गेलो होतो. काकांनीच ते उघडून रिकामं करून दाखवलं, मी फक्त वाचलं. फ्रेमवर "मार्क ४", बाजूला "वॉर फिनिश", आणि नळीवर .३८. इतकी वर्षं मी आणि काका दोघंही ते .३२ समजत होतो, कारण दुकानात कानपूरचं बघितलं तर ते हुबेहूब असंच दिसतं.

कळव्याचा_आर्मरर:

दिसणारच. कानपूरचं .३२ त्याच मार्क ४ च्या आराखड्यावरून घडवलंय, मोडून उघडायची पद्धत तीच. "वॉर फिनिश" म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं, घाईत बनवलेलं, वरचं पॉलिश न करता सैन्याला दिलेलं. तुमच्या नळीवरचं .३८ म्हणजे तेव्हाचं सैन्याचं .३८० बोअर.

आणि .३८० आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे, ९ एमएम आणि .४५५ सारखंच. त्याची परवानगी केंद्रीय गृह मंत्रालयाची लागते. तुमच्या एनपीबी परवान्यावर ते येऊच शकत नाही, दीड लाखात नाही आणि पाच रुपयांतही नाही. वाईट वाटेल, पण हा प्रश्न इथे मिटला.

काळजी आता काकांची आहे. त्यांच्या परवान्यावर कोणतं बोअर लिहिलंय ते आजच बघा. .३८ लिहिलं असेल तर ते वर्षानुवर्षं रीतसर नूतनीकरण होत आलंय का, यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक, पडलाय का, हे तपासा. .३२ लिहिलं असेल तर वकिलांना विचारल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकू नका.

बेलापूर_वकील:

अगदी. आणि विक्रीची कुठलीही चिठ्ठी किंवा आगाऊ रक्कम झाली असेल तर ती आधी परत घ्या. काकांना सोबत घेऊन स्वतःहून लायसन्स शाखेत जा. आपण होऊन गेलेल्या माणसाची बाजू नेहमीच वेगळी असते.

जांभळीनाका_वर्कशॉप:

आगाऊ काही दिलेलं नव्हतं. काकांचा परवाना १९७४ चा आहे, त्यावर .३८ स्पष्ट लिहिलंय आणि नूतनीकरणाचे शिक्केही आहेत, पण शेवटची मुदत याच वर्षी संपतेय आणि यूआयएन कुठे दिसत नाही. काकांना सांगताना मला फार जड गेलं. ते एवढंच म्हणाले, "मग यंदाच्या खंडेनवमीला पाट रिकामा ठेवू." मंगळवारी त्यांना घेऊन लायसन्स शाखेत जातोय. काकूंनी जुन्या पावत्यांची पत्र्याची पेटी माळ्यावरून काढून ठेवली आहे.

माझं ठरलं. नवं .३२ रिव्हॉल्व्हर, आणि महिन्यातून एकदा रेंजवर जाऊन सराव. तिजोरी शनिवारी भिंतीत बसेल. आर्मररकाका, दुकानात निवडताना तुम्ही सोबत याल का? कळव्याला गाडी घेऊन येतो.

कळव्याचा_आर्मरर:

येतो. सकाळची वेळ ठेवा, उजेड हवा. आणि खिशात एक कोरा पांढरा कागद असू द्या.