पीएच.डी.साठी एनएसएल-केडीडीवर ९९ टक्के काढू, की शेतातल्या मोबाईल स्टार्टरवर काम करू?

तापीकाठची_मॅडम

नमस्कार मंडळी. मी भुसावळकडे पॉलिटेक्निकला शिकवते, आणि कॉम्प्युटरमध्ये पीएच.डी.ला नाव नोंदवलंय. विषय अजून ‘नेटवर्क सुरक्षा’ एवढाच मोघम आहे. गाईड सरांचा सल्ला सरळ आहे : नेटवर्कवरच्या हल्ल्यांच्या नोंदींचा एनएसएल-केडीडी डेटासेट उतरवून घ्या, त्यावर डीप लर्निंगचं एखादं मॉडेल चालवा, ९९ टक्क्यांच्या वर अचूकता दाखवा, दोन पेपर टाका आणि मोकळ्या व्हा.

मला मात्र दुसरंच खुणावतंय. रावेर तालुक्यात मामांची केळी आहे. थ्री फेज कधी दिवसा, कधी मध्यरात्री, म्हणून विहिरीवर मोबाईल स्टार्टर बसवलंय. डब्यात सिम आहे. फोन लावला की डबा उचलतो आणि ‘मोटर चालू करण्यासाठी एक दाबा’ म्हणतो. कुणाचं ऐकायचं हे तो फक्त फोन करणाऱ्याच्या नंबरवरून ठरवतो. नवा नंबर घालायचा तर मेसेज करायचा, त्यात चार अंकी पासवर्ड. तो मॅन्युअलमध्ये छापलेला आहे आणि मामांनी बसवल्यापासून बदललेला नाही.

दिवाळीत गेले तेव्हा आतली नंबरांची यादी मागवून पाहिली. मामा, मामेभाऊ, आणि आखाजीला (अक्षय तृतीयेला) काम सोडून गेलेला सालदार. तो आता शेजारच्याच शिवारात सालाने राहिलाय. माणूस चांगला, त्याच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मनात आणलं तर तिथून बसल्या बसल्या तो आजही मामांची मोटर चालू करू शकतो, आणि मामांच्या हे ध्यानीमनीही नव्हतं.

सरांना सांगितलं तर म्हणाले, “यात रिसर्च कुठंय? नंबर काढून टाका, विषय संपला.”

तर यात पीएच.डी. निघेल का? आणि असलं काही तपासताना मीच कायद्यात अडकणार नाही ना?

धुळेकर_पॅकेट

ताई, आधी त्या डेटासेटचं बोलतो, कारण माझीही सुरुवात तिथूनच झाली होती.

मूळ डेटा १९९८चा. एमआयटीच्या लिंकन लॅबने अमेरिकी हवाई दलाच्या एका तळासारखं खोटं नेटवर्क उभारून तो तयार केला. १९९९च्या केडीडी कप या स्पर्धेसाठी त्यातून प्रत्येक कनेक्शनची ४१ वैशिष्ट्यं काढली. लोक जी ‘१० टक्के’वाली फाईल वापरतात तिच्यात ४,९४,०२१ नोंदी आहेत, आणि त्यातल्या २,८०,७९० एकट्या स्मर्फ हल्ल्याच्या (एक संदेश सोडून अख्ख्या नेटवर्कची उत्तरं एकाच यंत्रावर आदळवायची, तो). म्हणजे डोळे झाकून ‘स्मर्फ’ म्हणत गेलात तरी निम्म्याहून जास्त बरोबर! आणि स्मर्फ ज्या सोयीवर चालायचा, ती राउटरमध्ये मुळातच बंद ठेवा असं आरएफसी २६४४ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने १९९९ सालीच सांगून टाकलं. आज तुमच्या कॉलेजच्या नेटवर्कवर तो हल्ला शोधून सापडायचा नाही.

२००९मध्ये तवल्लाई आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ट्रेनिंगमधल्या सुमारे ७८ टक्के नोंदी दुबार आहेत. त्या गाळून, उरलेल्यातल्या निवडक नोंदींचं केलं ते एनएसएल-केडीडी. पण मूळ नेटवर्कच खोटं असल्याचा दोष यात राहतोच, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. जॉन मॅकह्यू यांनी २०००मध्येच त्यावर बोट ठेवलं होतं. सोमर आणि पॅक्सन यांचा २०१०चा पेपर वाचा. प्रयोगशाळेत चमकणारी ही मॉडेलं प्रत्यक्ष नेटवर्कवर का बसत नाहीत, ते त्यात नीट मांडलंय. आता साधा हिशेब. दिवसाला १० लाख कनेक्शन जाणाऱ्या नेटवर्कवर १ टक्का खोटे इशारे म्हणजे रोजचे १०,०००. कोण बसणार बघत? ॲडमिन दुसऱ्याच दिवशी ते बंद करून ठेवतो.

सरांना दोष देत नाही. तीन वर्षांत विद्यार्थी बाहेर पडावा ही त्यांची काळजी खरी आहे. पण व्हायव्हात कुणी विचारलं, ‘हे बसवलंय कुठे?’, तर?

आता तुमचा सालदार. नंबर काढून टाकणं हे एका डब्याचं उत्तर झालं. आपल्या विषयात दिलेला अधिकार काढून घेणं हा सगळ्यात चिवट प्रश्न. वेबसाइटची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटांचं रद्द करणं आजही धड बसलेलं नाही, आणि तिथं तर पगारी माणसं आहेत. तुमच्याकडे दर आखाजीला माणूस बदलतो, यादी कुणी पाहत नाही, पासवर्ड छापील. वर सिमचं वेगळंच. बंद पडलेला मोबाईल नंबर ९० दिवसांनी कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. सालदाराने सिम सोडलं, तर मामांच्या मोटरीची चावी कुठल्या गावी गेली, काय सांगणार? हॅकर नको, काही नको.

इथं सुरक्षा नेमकी कुणापासून हवी आहे, हे अजून कुणी बसून विचारलेलं मला तरी दिसत नाही. प्रबंध इथूनच सुरू करा.

अमळनेरचा_कापूसवाला

आमना गावमा बी तेच शे, ताई. मी इंजिनिअर नाही, पण एक सांगतो. पासवर्ड बदला म्हणणं सोपं आहे. डबा बसवणारा मुलगाच सगळ्यांना सांगतो, बदलू नका. कारण विसरला की त्याला पेट्रोल जाळून शेतात यावं लागतं. पीन दाबायला लावाल तर आमचे नाना फोन फेकून देतील. रात्री दोनला लाईट आली की एका बटणात मोटर चालू झाली पाहिजे.

आणि लाईट आल्या आल्या सगळे ऑटो (मोटर आपोआप चालू करणारे स्विच) एकदम उचलतात, डीपी म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर जळतो, मग आठ-आठ दिवस बोंब. हल्ल्याचं राहू द्या, त्याचाही अभ्यास करा जमलं तर.

सिग्नल_जळगाव

वरच्या भाऊंनी डीपीचं जे सांगितलं ते सहज घेऊ नका. प्रिन्स्टनच्या सोलतान, मित्तल आणि पूअर यांनी २०१८च्या यूसेनिक्स परिषदेत नेमकं हेच मांडलं : जास्त वॉटची, इंटरनेटला जोडलेली उपकरणं कुणी एकाच वेळी चालू-बंद केली तर वीजजाळं डळमळू शकतं. त्यांनी एसी, हीटर धरले होते. आपल्याकडे पाच एचपीच्या मोटरी आहेत.

कायद्याचं. मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या यंत्रात शिरणं आयटी कायद्याच्या कलम ४३मध्ये येतं, आणि बदहेतूने केलं तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मामांचं स्टार्टरसुद्धा लेखी संमती घेऊनच तपासा. त्याहून बरं, स्वतः एक विकत घ्या, स्वतःचं सिम घाला, आणि मोटरीच्या जागी टेबलावर तीन फेजचे तीन बल्ब लावा.

जुन्या डब्यांत टूजीचं मॉड्यूल असतं, म्हणून तर त्यात जिओचं सिम चालत नाही. टूजीमध्ये टॉवर फोनची ओळख तपासतो, पण फोन टॉवरची तपासत नाही. थ्रीजीपासून ती दोन्हीकडून होते. म्हणून ‘खोटा टॉवर उभारून दाखवते’ असा मोह होईल. उघड्यावर अजिबात करू नका. तो बँड परवान्याचा आहे, आणि शिवारातल्या लोकांचे फोन त्याला जाऊन चिकटतील. दुसऱ्याचा नंबर दाखवून फोन लावण्याचाही प्रयोग नको. डबा नंबराखेरीज काही पाहत नाही, हे दाखवायला त्याची गरजच नाही.

काही दोष सापडलाच तर आधी बनवणाऱ्याला आणि सर्ट-इनला (सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला) कळवा, पेपर नंतर.

तापीकाठची_मॅडम

सगळ्यांचे आभार. काल सरांना पुन्हा भेटले. स्मर्फचा आकडा सांगितल्यावर सर हसले, म्हणाले, “हे मला माहीत आहे, पण समितीला चालतं.” मग अमळनेरच्या दादांचं डीपीचं सांगितलं तेव्हा मात्र खुर्ची पुढे ओढली. सरांचं घर पारोळ्याकडे आहे, त्यांच्याकडचीही डीपी गेल्या रब्बीत जळलेली. सारांश दोन पानी लिहून आणा म्हणालेत.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. शेतकऱ्यांच्या याद्या पाहायच्या तर त्यात तिसऱ्यांचेच नंबर येणार, त्यांची संमती कशी घेऊ? आणि डबा टूजीचा घेऊ की फोरजीचा?

धुळेकर_पॅकेट

नंबर उतरवूनच घेऊ नका. मालकाला शेजारी बसवा, यादी त्यालाच वाचू द्या, आणि तुम्ही फक्त नातं लिहा : मुलगा, सालदार, बसवणारा, ‘आठवत नाही’. तो शेवटचा रकाना किती भरतो, तिकडे लक्ष ठेवा. संमतीपत्र मराठीत, एका पानाचं करा, आणि कॉलेजच्या समितीकडून आधी मंजूर करून घ्या. नंतर मागितलं की देत नाहीत.

डबे दोन्ही घ्या. फोरजीवाल्यात बहुधा ॲप असतं, म्हणजे कंपनीचा सर्व्हर मध्ये येतो आणि यादी तिकडे जाऊन बसते. जुना माणूस काढायची सोय त्यात कुठे दिली आहे, ते आधी बघा. सर्वेक्षण आखाजीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा करा. आणि बल्ब शंभर वॉटचेच लावा. एलईडी लावलात तर काही डबे ड्राय रन, म्हणजे मोटर पाण्याविना चालतेय असं समजून लगेच बंद पडतात.