सल्ला हवा: सांवेरजवळ काळ्या मातीवर घर, बजेट 20 लाख

शेतावरचं_घर
नमस्कार मंडळी. इंदूरजवळच्या सांवेरच्या पुढे, मुख्य रस्त्यापासून आत वडिलोपार्जित शेत आहे. तिथे एकमजली 1,100 चौरस फुटांचं घर बांधायचंय. बजेट 20 लाख, त्यावर एक पैसा नाही. चाचणीचा खड्डा खणला: सात फुटांपर्यंत काळी माती, खाली पिवळसर मुरूम. मिस्त्री म्हणतो चार फूट दगडी पाया भरू, वर विटा, झालं. प्रश्न तीन. पाया कसला? लाल वीट की एएसी ब्लॉक (हलका, सच्छिद्र सिमेंटचा)? ओसरीवर स्लॅब की कवेलू (कौलं)? ओसरीच्या जागेपासून दहा फुटांवर मोठा कडुलिंब आहे, तो ठेवायचाय.

पलासिया_भिया
भिया, 20 लाखांत काय होतंय? थोडे वाढवून 35 करा आणि डबल हाइट हॉल घ्या. आमच्या फार्महाउसला यूपीव्हीसीच्या मोठ्या खिडक्या आहेत, धूळ नाही, आवाज नाही. खिडक्यांत कंजूसी करू नका.

छावणी_चौक
खिडक्या नंतर. चार फुटांवर थांबलात तर पायाखाली अजून तीन फूट फुगणारी माती उरते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन वर उचलते, एप्रिल-मेमध्ये आकसते. घराच्या कडेची माती ओली-कोरडी होत राहते, मधली फारशी हलत नाही, म्हणून खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा जातात. मग दर दिवाळीला पुट्टी भरत बसा.

मुरूम सात फुटांवर आहे हे तुमचं नशीब. कॉलमचे फुटिंग (कॉलमखालचा पसरट पाया) मुरमात किमान फूटभर आत बसवा. एवढ्या घराला साधारण 12 कॉलम लागतील, नक्की आकडा इंजिनिअर काढेल. खाली 4 इंच पीसीसी (सळीविना साधं काँक्रीट), मग सळ्यांची जाळी, जाळीखाली 50 मिमीचे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळी काँक्रीटच्या आत राहते. गिट्टीचे तुकडे कव्हर म्हणून ठेवू देऊ नका. आणि मुख्य गोष्ट: प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवर कॉलम जोडणारा आडवा बीम) मातीवर टेकवायचा नाही. बीमखाली 3 इंच पोकळी ठेवा, म्हणजे माती फुगली तरी बीमला धक्का देणार नाही. मिस्त्री लोक शटरिंग (ओतकामाचा साचा) वाचवायला मातीवरच बीम ओततात आणि सगळा खर्च पाण्यात जातो.

देवासवाला
अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेला, तळाशी फुगवटा असलेला खांब, हाच काळ्या मातीचा उपाय. 30 सेंमीचा पाइल, खाली अडीचपट व्यासाचा बल्ब, म्हणजे 75 सेंमी. साडेतीन मीटर खोल. आमच्याकडे तेच आहे, एक भेग दाखवा.

ठेकेदारी_बंद
देवासवाले, पाइल चांगलाच, पण मुरूम 15-20 फूट खाली असेल तिथे. इथे सात फुटांवर कडक थर आहे. मुरमात बल्ब कापायला हत्यार अडकतं आणि बल्ब पूर्ण उघडला की नाही ते वरून कळत नाही. जेसीबीने खड्डे मारा, शेवटचे सहा इंच हाताने, म्हणजे तळ सैल होत नाही. सळीने ठोकून बघा. एखाद्या कोपऱ्यात मुरूम आठ-नऊ फुटांवर निघतो, तिथे तेवढं खाली जायचंच. एकाच खड्ड्यावरून सगळा प्लॉट ठरवू नका, चारही कोपरे खणा.

स्नेहलतागंजची_सून
माती लॅबमध्ये द्या ना आधी! फ्री स्वेल इंडेक्स काढतात, म्हणजे माती पाण्यात किती टक्के फुगते ते. 50 टक्क्यांच्या आत असेल तर त्रास कमी, 100 च्या वर गेला तर भाऊंनी वर सांगितलंय तसं मुरमापर्यंत जाणं भागच.

रामबागकर
काळ्या मातीवर पाया मुरमापर्यंत न्या. हे महत्त्वाचं आहे.

देवासवाला
रामबागकर काका, हे तीन जणांनी सांगितलं.

रामबागकर
चौथ्याने सांगितल्याने बिघडत नाही.
जमिनीचे कागद कोणी बोललंच नाही. खसरा आणि बी-1 (जमिनीच्या नोंदीचे उतारे) यांची ताजी नक्कल, सीमांकन, मग डायव्हर्शन (शेतजमीन बिगरशेती करणं). गाव निवेश क्षेत्रात (शहर नियोजनाच्या हद्दीत) येतं का ते आधी बघा, त्यावर परवानगी पंचायतीची की नगर तथा ग्राम निवेश खात्याची ते ठरतं. बँकेचं कर्ज काढणार असाल तर डायव्हर्शनशिवाय फाइल हलत नाही.

छावणी_चौक
फरशीखालचं राहिलं. खोल्यांतली वरची दोन-तीन फूट काळी माती काढा आणि मुरूम भरा, सहा-सहा इंचांचे थर, पाणी मारून दुर्मुसाने ठोकायचे. खोदलेली काळी माती परत जोत्यात टाकली तर फरशी मधोमध फुगते. ठेकेदाराला हे फुकटचं भरण वाटतं, म्हणून समोर उभं राहा.

ठेकेदारी_बंद
अर्धं बरोबर. काळ्या मातीच्या खड्ड्यात मुरूम भरला की तो हौद होतो, पावसाचं पाणी येऊन त्यात थांबतं आणि आजूबाजूची माती फुगवतं. म्हणून घराभोवती किमान पाच फुटी एप्रन (भिंतीलगतची पक्की पट्टी) पाहिजेच, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. भिंत आणि एप्रनच्या सांध्यात डांबर किंवा सीलंट, नाहीतर पाणी तिथूनच आत शिरतं. एप्रनच्या पलीकडे नाली. छताचे पाइप भिंतीच्या मुळाशी सोडायचे नाहीत, थेट नालीत.

छावणी_चौक
एप्रनबद्दल वाद नाही. पण एप्रन आहे म्हणून काळी माती आत भरा, असं कोणी वाचू नये.

ठेकेदारी_बंद
तसं कोणी म्हटलेलंच नाही.

पलासिया_भिया
सोलर घ्या. पीएम सूर्यघरमध्ये 3 किलोवॅटला 78,000 सबसिडी मिळते.

स्नेहलतागंजची_सून
घरगुती मीटर आल्याशिवाय ती मिळत नाही. शेताच्या पंपाच्या कनेक्शनवर घर बांधूही नका, बांधकामासाठी वेगळं टेंपररी कनेक्शन घ्या.
सेप्टिक टँकचं बघा. काळ्या मातीत सोक पिट (शोषखड्डा) पावसाळ्यात पाणी घेतच नाही, माती फुगून छिद्रं बंद होतात आणि मैला उलटा येतो. पिट मुरमात उतरवा, आणि बोअरपासून किमान 18 मीटर लांब. मुरमातून पाणी भराभर खाली जातं, त्यामुळे हे अंतर कागदावर नको, टेपने मोजा.

देवासवाला
वीट-ब्लॉकवर कोणी बोलेना. कॉलम-बीम असेल तर भिंत फक्त भरण आहे, दोन्ही चालतं. ब्लॉक हलका, पण गावातला मिस्त्री त्याला विटेसारखं पाणी पाजतो आणि जाड मसाला लावतो. मग सुकल्यावर प्लास्टर तडकतं. ब्लॉकला फक्त पृष्ठभाग ओलसर करायचा, जोड तयार ॲडहेसिव्हचा 3 मिमीचा. मिस्त्रीला येत नसेल तर वीट. बीम आणि भिंतीच्या सांध्यावर प्लास्टरआधी जाळी मारा, दोन्हींत.

ठेकेदारी_बंद
सरिया (सळी) वजनाने तपासा. व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे मीटरला किती किलो ते निघतं. 12 मिमीचा 12 मीटरचा तुकडा साधारण 10.6 किलो यायला पाहिजे, 8 मिमीचा 4.7. 12 मिमीला पाच टक्क्यांपेक्षा जास्त कमी आलं तर गाडी परत पाठवा. काँक्रीट 1:1.5:3 (सिमेंट, रेती, गिट्टी), सिमेंटच्या पोत्यामागे पाणी 30 लिटरच्या वर नाही. रेती ओली असेल तर त्याहून कमी. नर्मदेची रेती पावसाळ्याआधी भरून ठेवा, नंतर खनन बंद होतं आणि भाव चढतो.

छावणी_चौक
कडुलिंब. मोठं झाड उन्हाळ्यात मातीतलं पाणी ओढतं, त्या बाजूची माती जास्त आकसते आणि घराचा तोच कोपरा बसतो. झाडाच्या उंचीइतकं अंतर ठेवावं. दहा फूट फारच जवळ. घर सरकवा.

स्नेहलतागंजची_सून
आणि कवेलू नको, तिकडे माकडं फार.

रामबागकर
कडुलिंब जवळ नको. आणि खोदाई दिवाळीनंतर सुरू करा.

शेतावरचं_घर
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: फुटिंग मुरमात, 3 इंचांची पोकळी, आत मुरूम, बाहेर पाच फुटी एप्रन, लाल वीट, बोअर-पिटचं अंतर टेपने. ओसरीवर कवेलूच, माकडं आली तर येऊ देत. घर सरकणार नाही, पश्चिमेला कालव्याचा बांध आहे. लिंबही तोडणार नाही. आणि बाबांनी आखातीचा (अक्षय्य तृतीयेचा) मुहूर्त काढला आहे, त्यामुळे दिवाळीपर्यंत थांबणं नाही.

ठेकेदारी_बंद
मग लिंबाच्या बाजूचे फुटिंग मुरमात अजून दोन फूट खाली न्या आणि ओसरी मूळ घरापासून वेगळी ठेवा, मध्ये इंचभर सांधा. ती हलली तरी घराला ओढणार नाही. आखातीला खड्डे घेतलेत तर रोज जेवढे भरता येतील तेवढेच उघडा. मे महिन्यात भेगाळलेल्या मातीच्या कडा ढासळतात, सात फूट खड्ड्यात मजूर आधाराशिवाय उतरवू नका. काँक्रीट संध्याकाळी ओता, ओली पोती किमान दहा दिवस. जूनच्या मध्यापर्यंत प्लिंथ बीम आणि आतला भराव पूर्ण झाला पाहिजे. नाही झाला तर उघडे खड्डे ठेवायचे नाहीत, बुजवायचे. झाला तर पावसाळ्यात भराव बसू द्या, भिंती नंतर.

छावणी_चौक
लिंबाबद्दल माझं मत तेच. बाकी वेळापत्रक ठीक आहे.

पलासिया_भिया
आणि खिडक्या?