उद्यमबागेतल्या कंत्राटी पगारावर बेळगावात खोली घेऊन संसार होईल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी विचारतेय. बेळगावात कारखान्यात काम करणारे किंवा घरात तशी माणसं असलेले कुणी इथे असतील तर त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. भाऊ आयटीआय करून उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका फाउंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) कंत्राटदाराकडून फेटलिंगला लागलाय. ओतून आलेल्या कास्टिंगच्या कडा ग्राइंडरवर घासून साफ करायच्या, हे काम. पाळ्या फिरत्या, आणि सेकंड शिफ्ट सुटल्यावर गावाकडे जायला बस मिळत नाही, म्हणून मच्छेला आणखी चार पोरांबरोबर पत्र्याच्या खोलीत राहतो. मी जाऊन बघून आले. माणसं पाच आणि गाद्या तीन. पाचही जण एका वेळी खोलीत झोपायला कधी नसतातच, एक उठून कामावर गेला की रात्रपाळी करून आलेला त्याच गादीवर आडवा होतो. कपडे भिजवलेल्या बादलीच्या तळाला काळी वाळू बसलेली होती. रोज एवढी वाळू कपड्यात येते, तर छातीत किती जात असेल, हे डोक्यातून जात नाही.

एकट्याचं असं निभतं. पण आता लग्न जमतंय. मुलगी आमच्याच बाजूची, शिवणकाम येणारी, घर चांगलं आहे. तिच्या वडिलांनी हुंडा-मानपान काही काढलं नाही, एवढंच विचारलं की पोरीला ठेवणार कुठे? प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे उत्तर नाही.

हिशेब मांडते. पावतीवर १४,२०० रुपये, तेही २६ हजेऱ्या भरल्या तर. त्यातून पीएफचे १२ टक्के म्हणजे १,७०४ आणि ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, १०७ कापले जातात. हातात १२,४०० च्या आत. वडगावात एक खोली आणि स्वयंपाकाची जागा बघितली, भाडं ४,५००, डिपॉझिट ३०,०००, लाइट-पाणी वेगळं. किराणा-भाजी दोघांना कितीही ओढून धरली तरी ४,०००. दूध अर्धा लिटर धरलं तर ७२० च्या आसपास. गॅसला महिन्याकाठी ६००, लाइट-पाण्याला ४००, गाडीच्या पेट्रोलला १,२००, दोन मोबाइलना ५००. झाले ११,९२०. उरले पाचशेपेक्षा कमी. यात दवाखाना नाही, सण नाही, कपडा नाही, आणि गावाकडे आई-बाबांना तो दर महिन्याला २,००० पाठवतो तेही नाहीत. ते बंद केले तर बाबांच्या शुगरच्या गोळ्या बंद.

मला हेच उमगत नाही. ह्याच्या खाली कुणाला पगार देऊ नये असं सरकारने ठरवलेला आकडा म्हणजे किमान वेतन. मग त्या आकड्यात दोन माणसांच्या डोक्यावर छप्पर का बसत नाही? की भावाला मिळतं तेच किमान वेतनापेक्षा कमी आहे? पावती कानडीत असते, आम्हाला आकडे कळतात, रकाने कळत नाहीत. ओव्हरटाइम तो भरपूर करतो पण तासाला नेहमीच्याच दराने पैसे येतात. काही पोरं शिनोळीला जा म्हणतात, तिकडे महाराष्ट्राचा दर लागतो म्हणे. आणि वेगळं रेशन कार्ड काढायचं की नाही, हेही सांगा.

— जांबोटीची ताई

जुना मोल्डर:

ताई, तीसेक वर्षं उद्यमबागेत काढलीत, त्या जोरावर सांगतो.

आधी पावती. त्यात मूळ वेतन आणि व्हीडीए, म्हणजे महागाई भत्ता, हे दोन रकाने शोधा. कर्नाटकात धंद्याप्रमाणे, कामाच्या कौशल्याप्रमाणे आणि गावाच्या झोनप्रमाणे दर वेगळा असतो, आणि व्हीडीए दर वर्षी १ एप्रिलला बदलतो. कामगार खात्याच्या त्या वर्षीच्या दरपत्रकात फाउंड्रीची ओळ काढा आणि ताडून बघा. आयटीआय झालेल्या पोराला अकुशल म्हणून दाखवणं इथे सर्रास चालतं, सगळ्यात मोठी गळती तिथेच आहे. एप्रिलनंतरही पगार होता तेवढाच राहिला असेल तर लगेच विचारायचं.

ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो. ती मेहेरबानी नव्हे, कायदा आहे, १९४८ च्या फॅक्टरी कायद्यापासून. ओव्हरटाइमचे पैसे मिळवून किमान वेतन भरलं असं दाखवता येत नाही, हेही लक्षात ठेवा. कंत्राटदाराने बुडवले तर मूळ कारखान्याला ते द्यावे लागतात. वेतन संहिता, म्हणजे केंद्राचा पगाराबद्दलचा नवा कायदा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यात थकलेल्या वेतनाचा दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, आधी किमान वेतनाच्या दाव्याला सहाच महिन्यांची होती. म्हणून भावाला म्हणावं, हजेरीचे फोटो, पावत्या, बँकेतली जमा, सगळं जपून ठेव. आजच भांडायला जा असं मी सांगत नाही. कंत्राटी पोराने एकट्याने तोंड उघडलं की दुसऱ्या दिवशी गेटवर अडवतात, हे डोळ्यांनी बघितलंय. चौघे-पाचजण मिळून, लेखी, लेबर ऑफिसला अर्ज द्यावा. कानडी अर्ज लिहून देणारे तिथे मिळतात.

आता तुमचा मूळ प्रश्न, छप्पर का बसत नाही. तो नशिबाचा भाग नाही, आकडा काढायच्या रीतीतच तसं आहे. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेत ठरलं की एका कमावत्यामागे तीन माणसांचं खाणं, वर्षाला ७२ वार कापड, सरकारी औद्योगिक घरकुल योजनेतल्या किमान जागेचं भाडं आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेला २० टक्के धरायचे. सुप्रीम कोर्टाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांचे आणखी २५ टक्के घातले. पण भाड्याचं काय? वेतन संहितेखाली केंद्राने नियमांचा मसुदा काढला, त्यात घरभाडं म्हणजे खाणं आणि कपड्याच्या खर्चाचे १० टक्के. तीन माणसांच्या खाण्या-कपड्याला महिना ९,००० धरा, भाडं येतं ९००. बेळगावात ९०० रुपयांत गाडी लावायला शेडसुद्धा मिळणार नाही. तुम्ही बघितलेली खोली त्याच्या पाचपट. ही बाकीची चारपट रक्कम कोण भरतं? गावाकडचं घर, बापाच्या शेतातले तांदूळ, आणि तीन गाद्यांवर पाच पोरं. कारखाने ह्या पगारात चालतात ते ह्याच्या जिवावर. ज्याचं गाव लांब आहे किंवा शेत गेलंय, त्याचं ह्यात मरण आहे.

खासबागची भाडेकरू:

ताई, खोलीचं मी सांगते. माझे मिस्टर मागावर आहेत, वडगाव-खासबागेत बरीच वर्षं भाड्यानेच राहतोय.

खोली बघताना भाड्याच्या आधी मीटर बघायचा. स्वतंत्र आर. आर. नंबर, म्हणजे वीजजोडणीचा नंबर, असेल तर राज्याच्या गृहज्योती योजनेत भाडेकरूला पण लाइट बिल माफ होतं, भाडेकरार आणि आधार जोडून अर्ज करायचा. मालकाचा एकच मीटर आणि तुम्हाला सब-मीटर असेल तर सवलत मालकाच्या नावावर आणि तुम्ही युनिटमागे मालक सांगेल ते द्यायचं. भाडं ३०० नी जास्त पण मीटर वेगळा, अशी खोली मला केव्हाही परवडते. पाणी कोणत्या दिवशी सुटतं, टाकी किती घरांत आहे, हे मालकाला नको, शेजारणीला विचारा.

मजगाव, अनगोळच्या कडेला, पिरनवाडीला बघितलंत तर वडगावपेक्षा कमीत मिळेल, आणि उद्यमबाग जवळ पडेल म्हणजे पेट्रोलही वाचेल. डिपॉझिटवर घासाघीस होते. करार अकरा महिन्यांचा होतो, त्यात डिपॉझिट परत किती दिवसांत हे लिहून घ्याच.

रेशन कार्डाचं नीट समजून घ्या. कर्नाटकात बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या, कार्डाला वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा १,२०,००० आहे. भावाचे १४,२०० गुणिले १२ केले तर १,७०,४०० होतात. म्हणजे किमान वेतन मिळालं की कागदावर तो गरीब राहत नाही. वेगळं कार्ड काढलं तर एपीएल, म्हणजे रेषेच्या वरचं, होईल, तांदूळ जातील. पण राज्याच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० एपीएल कार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईलाही मिळतात, ती किंवा तिचा नवरा आयकर किंवा जीएसटी भरणारा नसला की झालं. हप्ते मागे-पुढे होतात, त्यावर भाडं ठरवू नका. आईचं नाव गावच्या कार्डावर प्रमुख म्हणून असेल तर ते तसंच राहू दे, त्याला धक्का लावू नका.

आणि मुलीला शिवणकाम येतंय तर तिचा हिशेब तुम्ही धरलाच नाही. शहापूर-वडगावात फॉल-पिको आणि ब्लाऊजचं काम घरबसल्या मिळतं. शक्ती योजनेमुळे राज्याच्या साध्या बसला तिला तिकीट नाही.

तुरमुरीकर:

मी शिनोळीत आहे, तेवढंच सांगतो. दर कामाच्या जागेवर ठरतो, राहायच्या जागेवर नाही. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्राचे दर, आणि तिथला विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, जानेवारी आणि जुलैला. शिवाय महाराष्ट्रात १९८३ चा घरभाडे भत्ता कायदा आहे, ५० किंवा जास्त कामगार असतील तर पगाराच्या ५ टक्के घरभाडं द्यावं लागतं. भावाच्या पगारावर सातशेच होतील, पण पावतीवर घरभाडं असा रकाना तरी असतो. ५० चा आकडा टाळायला कामगार तीन कंत्राटदारांत वाटतात, म्हणून जाण्याआधी विचारून घ्या. राहायला उचगाव, तुरमुरी, बाची बरं, भाडं शहरापेक्षा कमी.

जांबोटीची ताई:

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाने काल पावती पाठवली, शेजारच्या सरांकडून वाचून घेतली. त्याला अकुशलच लावलंय. बरोबरची पोरं अर्जावर सही करायला तयार आहेत, दोघांची अजून घालमेल चालू आहे. त्यांच्यावर मी जोर करणार नाही, त्यांच्याही घरी चूल आहे.

मुलीच्या वडिलांना मी हा सगळा हिशेब जसाच्या तसा दाखवणार आहे, काही लपवून लग्न करायचं नाही. मुलीशीही बोलणार आहे, शिवणाचं काम तिला करायचं आहे का हे तिनेच सांगायला हवं.

आता दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. दर्जा चुकीचा लावल्याच्या अर्जाला आयटीआयचं प्रमाणपत्र पुरतं की कारखान्यातलं कामाचं काही लेखी लागतं? मोल्डर काका, जमल्यास सांगा. आणि मजगाव किंवा पिरनवाडीला वेगळ्या मीटरची, २०,००० च्या आत डिपॉझिटची खोली कुणाच्या माहितीत असेल तर व्यनि करा. दिवाळीनंतरचा मुहूर्त धरतोय, तोवर वेळ आहे.