साखळीतले दुकान नको आहे

बी-204: सर्वांना नमस्कार. जवळपास एखादे स्वतंत्र, मालक स्वतः उभा राहून चालवतो असे कॉफीचे दुकान कोणास ठाऊक आहे का, असे मी शनिवारी विचारले होते. त्यावर चौघांनी एकाच साखळीच्या चार शाखांचे पत्ते पाठवले. आभारी आहे, पण प्रश्न वाचून उत्तर दिले असते तर बरे झाले असते.

ए-101: वहिनी, रागावू नका. नकाशावर शोधले की लगेच सापडते.

बी-204: काका, नकाशावर सर्वांत वर बहुधा जाहिरातीचे पैसे भरलेली दुकाने दिसतात.

डी-302: पाकिटावर कॉफी भाजल्याची तारीख आहे का, एवढेच पाहावे. भाजल्यानंतर बियांतून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो आणि हळूहळू सुवासही जातो. ‘अमुक तारखेपूर्वी वापरा’ यावरून त्यातले काही कळत नाही.

सी-501: विषय केवळ चवीचा नाही. समाजशास्त्रज्ञ रे ओल्डेनबर्ग यांनी 1989 मध्ये घर आणि कामाचे ठिकाण यांपलीकडच्या ‘तिसऱ्या जागे’ची कल्पना मांडली. लंडनचा लॉइड्स हा विमाबाजारदेखील 17व्या शतकातील एका कॉफीगृहातूनच उभा राहिला.

ए-101: सर, लिफ्टच्या चर्चेतही आपण लॉइड्सच सांगितले होते.

सी-501: तेव्हाही कोणी शेवटपर्यंत वाचले नव्हते.

ए-304: कोपऱ्यावरचे जुने दुकान बंद झाले तेव्हा याच ग्रुपवर हळहळीचे साठ संदेश आले होते. त्यांपैकी किती जण तिथे नियमित जात होते, हे मी विचारणार नाही.

सी-203: हा टोला मला असेल तर स्पष्ट बोलावे. मी रोज जात होतो.

ए-304: होय, आणि एका कपावर लॅपटॉप उघडून चार तास बसत होता. सहाच टेबले असलेल्या दुकानाला तेवढ्यावर भाडे निघत नाही, दादा.

डी-302: वरचा संदेश पुन्हा पाठवत आहे, कारण तो चर्चेत वाहून गेला. पाकिटावर कॉफी भाजल्याची तारीख आहे का, एवढेच पाहावे.

सचिव: हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे, याची सर्वांना नम्र आठवण. तथापि, माझी सूचना अशी की लहान प्रमाणावर कॉफी भाजणाऱ्यांच्या संकेतस्थळावर त्यांचा माल कोणत्या दुकानांत जातो, याची यादी पुष्कळदा असते. तिथून उलटा शोध घ्यावा. शिवाय भाड्यामुळे अशी दुकाने हमरस्त्यापेक्षा आतल्या गल्लीत अधिक आढळतात.

बी-204: सचिवसाहेबांचा उपाय लागू पडला. यादीतले एक दुकान चालत बारा मिनिटांवर, शिंप्याच्या दुकानामागे निघाले. मालकीणबाईंनी मागणी दिल्यावरच बिया दळल्या, पहिली एस्प्रेसो अठरा सेकंदांतच उतरली म्हणून ती न चाखता ओतून टाकली, दळण थोडे बारीक केले आणि दुसरी अठ्ठावीस सेकंदांवर थांबवून मला दिली. दूध तापवल्यावर वाफेची नळी लगेच ओल्या फडक्याने पुसली. सी-203, तिथे चारच टेबले आहेत.

सी-203: कळले, वहिनी.

ए-101: गाडी लावायला जागा आहे का?

डी-302: भाजल्याची तारीख पाहिलीत का?

बी-204: पाहिली. नऊ दिवसांपूर्वीची होती.