विषय: संक्रांतीची लूट: ५८ मुलं, १५० डॉलर

प्रेषक: खजिनदार
रविवार, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार.

संक्रांतीची नोंदणी बंद केली. मोठी माणसं १४०, मुलं ५८, त्यातली नऊ तीन वर्षांखालची. मुलांच्या भेटींसाठी कार्यकारिणीने १५० डॉलर मंजूर केलेत, म्हणजे डोक्यामागे अडीच डॉलर आणि वर थोडी चिल्लर. वाढवून मिळणार नाहीत, हॉलचं भाडं वाढलंय.

गेल्या वर्षीसारखं नको, एवढंच माझं मागणं. ऑनलाइन ती शंभर खेळण्यांची पिशवी मीच मागवली होती, कबूल. तीत साठ शिट्ट्या निघाल्या आणि आपण त्या नाट्यगीतांच्या आधी वाटल्या. पेटीवाले काका अजून माझ्याशी तुटक बोलतात. बाकीचं सामान, म्हणजे ते रबरी चिकट हात, प्लॅस्टिकच्या अंगठ्या, रात्री पार्किंगमध्ये पडलेलं मीच गोळा केलं.

सूचना बुधवारपर्यंत.

---

प्रेषक: सहावीतल्या जुळ्यांचा बाबा
रविवार, रात्री ११.१५

दादा, मी डिसेंबरअखेर पुण्यात आहे. तुळशीबागेतून लाकडी भोवरे आणू का, जाळीसकट, म्हणजे दोरीसकट? कुरियरने मागवण्यात आता अर्थ नाही. बाहेरून येणाऱ्या ८०० डॉलरपर्यंतच्या मालावरची अमेरिकेची आयातकर-माफी ऑगस्ट २०२५ पासून गेली. पण माझ्या बॅगेत जागा आहे. (बायको म्हणते, नाही.)

---

प्रेषक: खजिनदार
सोमवार, सकाळी ७.०५

भोवऱ्याला खाली लोखंडी आर असते आणि कार्यक्रम शाळेच्या जिममध्ये आहे. त्या चकचकीत लाकडी जमिनीवर ५८ मुलं भोवरे आपटतायत, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. आपली अनामत शाळेकडे आहे.

---

प्रेषक: मराठी शाळेच्या ताई
सोमवार, दुपारी १२.३०

आपल्या वाचनालयाच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत लहान मुलांची पुस्तकं डॉलरला एक मिळतात, शेवटच्या दिवशी तर पिशवीच्या भावात. पण अनुभवाने सांगते, ५८ मुलांच्या वयाला जुळतील अशी निवडायची तर दोन शनिवार जातात. मी एकदा भरभरून आणली होती. घरी येऊन उघडली तर निम्म्यांत आधीच्या मुलांची नावं आणि कोड्यांच्या पुस्तकातली सगळी कोडी सोडवलेली! अगदी लहान नऊ जणांसाठी मात्र जाड पुठ्ठ्याची पुस्तकं मी नक्की शोधीन. ती चावली तरी टिकतात.

---

प्रेषक: एक आई
सोमवार, रात्री ८.२०

भेटीच्या पिशवीत तिळगूळ घालायचा विचार असेल तर कृपया थांबा. माझ्या लेकाला तिळाची ॲलर्जी आहे. अशी मुलं इथे बरीच आहेत, म्हणून तर १ जानेवारी २०२३ पासून अमेरिकेत पाकिटावर तीळ वेगळा छापावा लागतो. दूध, शेंगदाणे वगैरे आठ होते, हा नववा. तिळगूळ वेगळ्या टेबलावर ठेवा, मोठ्यांनी विचारून द्यावा. संक्रांतीला तीळ नको म्हणणारी बाई म्हणून माझं नाव होईल, होऊ दे.

आणि बोरन्हाणाचंही बघा. इथल्या नियमाप्रमाणे सव्वा इंच रुंदीच्या नळीत मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्यांच्या खेळण्यात चालत नाही. आपली बोरं, हलवा, शेंगदाणे, सगळंच त्या नळीत बसतं. छोट्यांच्या डोक्यावरून चुरमुरे ओता. बाकीची लूट मोठ्या मुलांसाठी दुसऱ्या कोपऱ्यात.

---

प्रेषक: आजी (लेकीकडे आलेली)
मंगळवार, सकाळी १०.१०

सर्वांना आशीर्वाद. मी सांगतेय, लेक टाइप करतेय.

मुलांना पत्ते द्या. प्रत्येकाला एक कॅट. इथे आल्यापासून नातवाला बदाम सात शिकवला. आधी तो माझ्याशी मराठीत तीन शब्द बोलायचा: हो, नको, भूक. आता इस्पिक, किलवर, चौकट, बदाम सगळं येतं. काल मी किलवरचा सत्ता दाबून ठेवला तर ओरडला, "आजी, तू लबाड आहेस!" लबाड शब्द मी शिकवला नव्हता, आईकडून उचलला असणार.

सोबत नियमांचा कागद द्या. ज्याच्याकडे बदामाचा सत्ता, त्याने सुरुवात करायची. मग त्याच्या खाली छक्का, वर अठ्ठा, असं लावत जायचं, नाहीतर दुसरा सत्ता उघडायचा. लावण्यासारखं पान नसेल तर 'पास'. ज्याची पानं आधी संपतील तो जिंकला. एवढंच. ज्या घरात दोन मुलं आहेत तिथेही दोन कॅट द्या, एक नको. दोन असले की पाहुणे आल्यावर झब्बूला उपयोगी पडतात.

---

प्रेषक: सहावीतल्या जुळ्यांचा बाबा
बुधवार, दुपारी १.४५

आजी, पटलं. काल घरी खेळून पाहिलं. एक अडचण आली: मुलीने विचारलं, गुलाम म्हणजे काय? सांगितलं. ती शाळेत नुकताच तो इतिहास शिकली आहे. बराच वेळ हातातल्या पानाकडे बघत राहिली आणि म्हणाली, आपण याला दुसरं काहीतरी म्हणू. आता आमच्या घरी राजा, राणी आणि 'दादा' आहे.

---

प्रेषक: मराठी शाळेच्या ताई
बुधवार, दुपारी ३.००

कागद मी करते, मोठ्या अक्षरांत, एका बाजूला नियम, दुसऱ्या बाजूला चारही रंगांची चित्रं आणि नावं. गुलामाच्या चित्राखाली रिकामी रेघ ठेवते. ज्याला जे नाव द्यायचं ते द्या.

---

प्रेषक: खजिनदार
बुधवार, रात्री ९.१०

ठरलं. आज डॉलर ट्रीमध्ये जाऊन आलो. दुकानाचं नाव डॉलरचं, पण कॅटचा भाव सव्वा डॉलर. ४९ कॅट, करासह साधारण ६६ डॉलर. छोट्यांची नऊ पुस्तकं, नऊ डॉलर. कागदांच्या झेरॉक्स, पाच. एकूण ८०.

दुकानात तेवढे कॅट नव्हते. एकवीस मिळाले, बाकीचे शुक्रवारी दुसऱ्या दुकानातून आणतो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, कॅसिनो उघडताय का?

बोरन्हाण दोन कोपऱ्यांत, तिळगूळ वेगळ्या टेबलावर. आजी, जेवणानंतर तुमच्यासाठी एक चटई घालून ठेवतो, शिकायला रांग लागेल. पेटीवाल्या काकांनाही कळवलंय की या वेळी भेटवस्तूंचा आवाज होत नाही.

७० डॉलर उरतात. ते कशावर खर्च करावेत याच्या सूचना कृपया पाठवू नयेत.