तोफ सोडायची नाही म्हणजे नक्की काय? (कोलेन्सोवरच्या पोस्टला उत्तर)

कात्रजकर:
काल रानवाट यांनी कोलेन्सोच्या लढाईवर (दक्षिण आफ्रिका, बोअर युद्ध) लिहिताना म्हटलं की ब्रिटिश तोफखान्याची परंपरा म्हणजे लोखंडापायी, म्हणजे तोफा वाचवायला, माणसं मारायची हौस, ना झेंडा ना लढायांची नावं, आणि आता उरलंय काय तर राजाच्या वाढदिवसाला लंडनच्या पार्कात घोडे पळवणं. वाचून डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

झेंडा नाही हा कमीपणा नाही हो. तिथे तोफ हाच झेंडा. पायदळाच्या पलटणी झेंड्यावर लढायांची नावं मिरवतात, यांना १८३२ साली चौथ्या विल्यमने 'उबिक्वे' म्हणजे सर्वत्र हे ब्रीद दिलं आणि विषय संपला. १७१६ ला दोन कंपन्यांपासून सुरू झालेल्या या रॉयल आर्टिलरी रेजिमेंटची कुठली ना कुठली बॅटरी (तोफांची तुकडी) जवळपास प्रत्येक लढाईत होती, नावं किती लिहिणार?

आणि 'लोखंडापायी' म्हणणाऱ्यांनी नेरी वाचावं. १ सप्टेंबर १९१४, फ्रान्स, पहाटेचं दाट धुकं, रॉयल हॉर्स आर्टिलरीची एल बॅटरी निघायच्या तयारीत, घोडे जुंपलेले. धुकं विरळ झालं आणि समोरच्या उंचवट्यावरून जर्मन तोफा सुरू झाल्या. काही मिनिटांत घोडे आणि माणसं आडवी. शेवटी एकच तोफ चालू राहिली. कॅप्टन ब्रॅडबरी पाय तुटल्यावरही हुकूम देत होता. डोरेल आणि नेल्सन दारूगोळा संपेपर्यंत तोफ चालवत राहिले आणि तेवढ्यात कुमक पोचली. तिघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. ती तोफ बंद पडली असती तर अख्ख्या घोडदळ ब्रिगेडचं काय झालं असतं?

रानवाट:
तुम्ही सोयीची लढाई निवडलीत. माझी पोस्ट कोलेन्सोवर होती, त्यावर एक ओळ नाही.

१५ डिसेंबर १८९९. कर्नल लाँगने बारा तोफा पायदळाच्याही पुढे, नदीपासून हजारेक यार्डांवर नेऊन उभ्या केल्या, पलीकडे बोअर बंदुका रोखून खंदकात बसलेले. गोलंदाज पडले, उरलेले एका ओघळीत जाऊन बसले. इथपर्यंत चूक एका माणसाची. पण पुढे सेनापती बुलरने त्या रिकाम्या तोफा ओढून आणायला भर उघड्या माळावर स्वयंसेवक पाठवले. कशासाठी? झेंडा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून. दोन तोफा आल्या, दहा गेल्याच. फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्सचा एकुलता एक मुलगा फ्रेडी त्यात गेला. तो तोफखान्यातला नव्हताच, पायदळाचा! नंतर क्रॉस वाटले की चूक झाकली जाते. मी ह्याला परंपरा म्हणत नाही.

मुक्ता_लंडनहून:
फ्रेडी रॉबर्ट्सचा विषय निघालाय म्हणून, गांधीजींनी लिहून ठेवलंय की त्याला रणांगणावरून आणायचं काम त्यांच्या हिंदी रुग्णसेवकांच्या पथकाने केलं. शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

बाकी 'घोडे पळवणं' यावर माझा आक्षेप आहे. किंग्ज ट्रूप, म्हणजे सलामीच्या तोफा घोड्यांनी ओढणारं पथक, मी पार्कात जवळून बघितलंय. एका तोफेला सहा घोडे, स्वार फक्त डाव्या बाजूच्या तीन घोड्यांवर, आणि पहिल्या महायुद्धातल्या त्या तेरा पौंडी तोफांना ब्रेकच नाही, मागचे घोडे रेटून धरतात तेव्हा थांबतात. स्वारांत मुली भरपूर. ज्याला सोपं वाटतं त्याने जवळ उभं राहून बघावं, जमीन हादरते.

आणि तिथून चालत हाईड पार्क कॉर्नरला जा. तोफखान्याचं स्मारक आहे, वर दगडात कोरलेली भलीमोठी हॉवित्झर, खाली ब्राँझचे सैनिक. एका बाजूला मेलेला गोलंदाज आडवा, अंगावर ग्रेटकोट टाकलेला, त्यावर हेल्मेट, बूट तेवढे बाहेर. चेहरा दिसतच नाही. १९२५ साली लोकांना ते फार झोंबलं होतं. पहिल्या महायुद्धातला ४९,०७६ हा मृतांचा आकडा कोरलाय. हौसेने मरणाऱ्यांचं स्मारक असं दिसत नाही.

बारगीर:
सगळं ठीक, पण तुम्ही सगळे इंग्रजांच्याच गोष्टी सांगताय. तोफ न सोडणं बघायचं तर असईला या, आपल्या जालना जिल्ह्यात. २३ सप्टेंबर १८०३. शिंद्यांच्या तोफांनी इंग्रज सेनापती वेलस्लीचे तोफा ओढणारे बैल आणि गोलंदाज सुरुवातीलाच असे लोळवले की त्याला तोफा मागे टाकून संगिनीवर पुढे जावं लागलं. आणि त्यांचं पायदळ अंगावर आलं तरी आपले गोलंदाज तोफेजवळून हलले नाहीत. काही मेल्याचं सोंग घेऊन पडले आणि पलटणी पुढे गेल्यावर उठून त्यांच्या पाठीत गोळे घातले! हे इंग्रजांनीच लिहिलंय. ह्यांना कुठला क्रॉस? एकाचं तरी नाव कुणाला माहीत आहे?

कात्रजकर:
बारगीर, मान्य, पण त्या गोलंदाजांना तालीम कुणी दिली? शिंद्यांच्या नोकरीतल्या युरोपियन द बॉयनने. असईला हुकूम पोलमनचे, तोही युरोपियनच. पानिपतचा इब्राहिमखान गारदीसुद्धा फ्रेंचांकडे तयार झालेला. म्हणजे परंपरा युरोपचीच.

बारगीर:
वा! कवायत शिकवली म्हणून छातीपण त्यांनीच दिली का? पायदळ मागे हटलं तेव्हा तोफेजवळ कोण राहिलं, पोलमन? अशी वाक्यं वाचली की संताप होतो. दोनशे वर्षं आपल्या माणसाला फक्त बत्ती लावणारा समजायचं.

अजून एक. १८५७ नंतर ह्याच थोर रेजिमेंटने काय केलं? हिंदी माणसाच्या हातून तोफा काढून घेतल्या. खेचरांवरच्या डोंगरी बॅटऱ्या तेवढ्या ठेवल्या, मोठी तोफ फक्त गोऱ्याला. फील्ड आर्टिलरीत हिंदी जवान यायला १९३५ उजाडावं लागलं. विश्वास नव्हता म्हणून नव्हे, भीती होती म्हणून. कंपनीचा मुंबई तोफखाना मात्र १८६०च्या दशकात खुशाल स्वतःत घातला, त्यांची ती ईगल ट्रूप, एन बॅटरी, मूळची १८११ची बॉम्बे हॉर्स आर्टिलरी आहे!

रानवाट:
+१. त्या डोंगरी बॅटऱ्यांपैकी कोहाट आणि जेकब्ज पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला (तुर्कस्तान) पहिल्या दिवसापासून होत्या. ऑस्ट्रेलियन लोक त्यांची आठवण काढतात, आपण नाही. आणि दुसऱ्या महायुद्धात हवालदार उमराव सिंग, डिसेंबर १९४४, ब्रह्मदेशातलं कलादान खोरं, गोळे संपल्यावर तोफेच्या लोखंडी दांड्याने लढला, तोफ दिली नाही.

कात्रजकर:
म्हणजे उमराव सिंगने तोफ दिली नाही तर शौर्य आणि कोलेन्सोला तेच केलं तर लोखंडाची हौस? ठरवा एकदा.

रानवाट:
ठरलेलंच आहे. तो आपल्या तोफेजवळ होता, शत्रू अंगावर आला. कोलेन्सोला गोळी पोचणार नाही अशा जागी बसलेल्या माणसांना बाहेर काढून पाठवलं. फरक दिसत नसेल तर माझा नाइलाज आहे.

तोपची_नाशिकरोड:
मी फारसं लिहीत नाही. नाशिकरोडला ट्रेनिंग, मग मीडियम रेजिमेंट, आता रिटायर. आमचं ब्रीदपण 'सर्वत्र'नेच सुरू होतं आणि तोफेला आम्हीसुद्धा झेंड्यासारखंच मानतो, दसऱ्याला पूजा करतो.

पण साहेब लोक, काश्मीरला असताना समोरून गोळे पडायला लागले, आमच्या पोझिशनच्या अगदी जवळ. नवीन पोरं बंकरकडे बघायला लागली, साहजिक आहे. आमचा नंबर वन, म्हणजे तोफेचा प्रमुख, ओरडला नाही, तोफेवर हात ठेवून उभा राहिला. वायरलेस सेटवर पुढच्या पोस्टचा आवाज येत होता, फायर मागत होते. त्या आवाजासाठी आम्ही थांबलो. तोफ काय, दुसरी मिळते. पुढे पोस्टवर कुणी नसतं आणि नंबर वनने तरीही उभं केलं असतं तर मी त्याला शिव्याच दिल्या असत्या.

कात्रजकर:
तोपचीसाहेब, ह्यावर बोलायची माझी लायकी नाही. ठीक आहे, कोलेन्सोचा बुलर रानवाट यांनी न्यावा. लाँगच्या गोलंदाजांवर मात्र मी एक शब्द ऐकून घेणार नाही, ते दारूगोळा संपत येईपर्यंत लढले. आणि 'परंपराच खोटी' हे तर अजिबात नाही. १८८० मध्ये अफगाणिस्तानात मैवंदहून माघार घेताना गनर कॉलिसने क्रॉस मिळवला तो जखमींच्या गाडीवरचा गोळीबार स्वतःकडे ओढून घेतला म्हणून, तोफेपायी नाही.

रानवाट:
कॉलिस मान्य. पण त्याच मैवंदला लेफ्टनंट मॅक्लेनच्या दोन तोफा गेल्या आणि तो स्वतः अफगाणांच्या कैदेत मेला, ते सांगा की.

बारगीर:
असईचं उत्तर कुणीच दिलं नाही. वेगळा धागा काढतोय, कात्रजकरांनी पोलमनला घेऊन यावं.